जुन्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर कसा लावावा: इंदूरच्या नव्या नेमबाजांसाठी

दहा मीटर एअर पिस्तूल शिकणाऱ्या मुलामुलींचं स्वतःचं पहिलं पिस्तूल बहुतेक वेळा जुनंच असतं. क्लबातला एखादा सीनियर नवीन घेतो आणि त्याचं पंधरा-वीस वर्षं वापरलेलं स्टायर, वॉल्थर किंवा फाइनवेर्कबाउ ज्युनियरकडे येतं. त्याचा ट्रिगर आधीच्या मालकाच्या बोटाला बसेल असा लावलेला असतो. नवा मालक तो तसाच वापरतो, गोळी मनाआधी सुटते, आणि दोष मात्र स्वतःच्या हाताला देत बसतो. दोनेक तास शांतपणे दिले तर हे दुखणं बहुतेक वेळा घरीच दूर होतं. घाईत दोन-चार स्क्रू फिरवून टाकले, तर मात्र चांगलं पिस्तूल धोकादायक होऊ शकतं.

यातला प्रत्येक स्क्रू दुसऱ्या स्क्रूवर परिणाम करतो, म्हणून क्रम पाळा. एका वेळी एकच स्क्रू फिरवा आणि किती फिरवला ते वहीत लिहा.

१. हे पिस्तूल तुम्ही हाताळायचं आहे का?

हा लेख फक्त ४.५ मिलिमीटरच्या, म्हणजे पॉइंट एकशे सत्त्याहत्तर बोअरच्या मॅच एअर पिस्तुलाबद्दल आहे. या बोअरच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही.

आजोबांच्या कपाटातलं जुनं सेमी-ऑटोमॅटिक किंवा क्लबातलं पॉइंट टू टूचं स्पोर्ट पिस्तूल ही वेगळी गोष्ट आहे. ती अग्निशस्त्रं आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार अशा शस्त्रांच्या दुरुस्तीचं काम परवानाधारक कारागिरानेच करायचं असतं. कायदा बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे: सेमी-ऑटोमॅटिकमध्ये सिअरची, म्हणजे आतला घण अडवून धरणाऱ्या छोट्या भागाची, कड झिजलेली किंवा चुकीची घासलेली असेल, तर एकदा ट्रिगर दाबल्यावर दोन गोळ्या सुटू शकतात, किंवा स्लाइड पुढे आदळताच गोळी सुटते. असं शस्त्र घरात असेल तर ते न उघडता, परवान्यासह, अधिकृत गनस्मिथकडे न्या. तिथे फक्त एवढं विचारा की ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा दाब, किती भरतंय आणि सिअर शाबूत आहे का.

मोरिनी १६२ ईआय सारख्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या पिस्तुलात सिअरची भानगड नसते. तिथे आधी बॅटरी बदला आणि मगच बाकीचा विचार करा. खालचं सगळं यांत्रिक ट्रिगरसाठी आहे.

२. सामान आणि कागद

सामान थोडंच लागतं, पण चांगलं घ्या. १.५ ते ३ मिलिमीटरच्या ॲलन की चांगल्या पोलादाच्या हव्यात. सियागंजात गठ्ठ्याने स्वस्त संच मिळतात, त्यांची टोकं मऊ असतात. दोन वेळा फिरवली की स्क्रूचं षट्कोनी भोक गोल होतं आणि मग तो स्क्रू काढायला ड्रिल लावावं लागतं. दोन पैसे जास्त मोजून घेतलेली की इथे वसूल होते.

याशिवाय:
– १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा
– अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली, दोनेक मिलिमीटर जाडीची कडक तार आणि औषधाच्या दुकानातली १० मिलिलिटरची सिरिंज
– कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा
– बारीक घड्याळी तेल आणि एक सुई
– लाल नेलपॉलिश, भिंग, टॉर्च
– सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी आहे हे दाखवायला चेंबरमधून आरपार घालायची रंगीत दोरी
– वही

पिस्तुलाचं मॅन्युअल नसेल तर आधी ते मिळवा. बहुतेक मॅच पिस्तुलांची मॅन्युअल्स कंपन्या मोफत देतात. कुठला स्क्रू काय करतो आणि कुठल्या दिशेने फिरवला की काय वाढतं, हे मॉडेलनुसार बदलतं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्समध्येही ते उलट असू शकतं. मित्राच्या पिस्तुलावरून अंदाज बांधू नका.

कागदांत खरेदीची पावती, विकणाऱ्याचं सहीचं पत्र, तुमचं ओळखपत्र आणि क्लबचं सदस्यत्व एका पाकिटात ठेवा. ट्रेनने स्पर्धेला जाताना पेटी उघडायला सांगितली, तर हेच पाकीट कामी येतं. स्पर्धेत उतरायचं असेल तर राज्य रायफल असोसिएशनमार्फत राष्ट्रीय रायफल असोसिएशनची नोंदणीही लागते. ही राष्ट्रीय संस्था १९५१ साली ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, ते गणेश वासुदेव मावळणकर बडोद्यात जन्मलेले. मावळणकर स्पर्धा म्हणतात ती त्यांच्याच नावाची.

जुन्या पिस्तुलासोबत आलेल्या हवेच्या सिलिंडरवर तयार झाल्याची तारीख कोरलेली असते. ती १० वर्षांपेक्षा जुनी असेल तर तो भरू नका. २०० बारचा दाब मांडीजवळ घेऊन बसायची ही वस्तू आहे. ट्रिगर कितीही चांगला लागला तरी मुदत संपलेला सिलिंडर घेऊन रेंजवर जाता येत नाही.

३. रिकामं आहे याची खात्री

छऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवून या. लोडिंगचा दांडा उघडा, बोअरमध्ये टॉर्चने पाहा, सेफ्टी फ्लॅग आरपार घाला. फ्लॅग नळीच्या तोंडातून बाहेर दिसला म्हणजे आत छरा नाही. हे पुढच्या प्रत्येक पायरीआधी पुन्हा करा, मधे फक्त चहा प्यायला उठला असाल तरीही.

पिस्तुलाला ड्राय फायरची, म्हणजे हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबून पाहायची, सोय असेल तर सगळं काम त्याच स्थितीत करा. स्प्रिंग-पिस्टनच्या, म्हणजे सिलिंडरऐवजी स्प्रिंगने हवा दाबणाऱ्या जुन्या पिस्तुलात, उदाहरणार्थ फाइनवेर्कबाउ ६५ मध्ये, छरा न घालता खरा शॉट सोडला तर पिस्टन समोर आदळतो आणि त्याचं सील खराब होतं. तिथे तर ड्राय फायरची सोय न चुकता वापरायची.

४. आहे तसं मोजा

एकही स्क्रू फिरवण्याआधी आजची स्थिती लिहून ठेवा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. ती वाळल्यावर जवळून फोटो घ्या. बिघडलं तर याच रेघांवर परत येता येतं.

मग वजन. बाटलीला तारेचा आकडा करा. तार इतकी लांब आणि अशी वाकवलेली हवी की पिस्तूल नळी वर करून उभं धरल्यावर ती मुठीच्या बाजूने, मुठीला न घासता खाली येईल. तार घासली की मोजलेलं वजन खोटं. बाटली, पाणी आणि आकडा, तिन्ही मिळून काट्यावर ठेवा. १ मिलिलिटर पाणी म्हणजे १ ग्रॅम, म्हणून सिरिंजने पाणी घालत हवं ते वजन नेमकं बनवता येतं.

पिस्तूल कॉक करा, म्हणजे ट्रिगर सुटायच्या स्थितीत आणा, नळी सरळ छताकडे. आकडा ट्रिगरच्या पट्टीच्या, म्हणजे बोट टेकतं त्या भागाच्या, मध्यावर अडकवा, बाटली टेबलावर टेकलेली असू द्या आणि पिस्तूल सावकाश वर उचला. बाटली टेबलावरून सुटली आणि ट्रिगर सुटला नाही, तर १० मिलिलिटर पाणी वाढवा. सुटेल ते एकूण वजन.

आकडा पट्टीच्या टोकाला सरकला तर कमी वजनातच ट्रिगर सुटतो, ट्रिगर जिच्यावर फिरतो त्या खिळीजवळ गेला तर जास्त लागतं, कारण तरफेची लांबी बदलते. म्हणून प्रत्येक वेळी मध्यच.

असं दहा वेळा मोजा आणि दहाही आकडे लिहा. त्यांतला फरक १०–१५ ग्रॅमच्या आत असेल तर यंत्रणा निरोगी आहे. फरक ३० च्या पुढे गेला तर आत घाण आहे, तेल घट्ट झालंय किंवा सिअर झिजलाय, आणि हे तपासल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही.

५. साफसफाई

जुन्या पिस्तुलातल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मूठ काढा. बहुतेक पिस्तुलांत ती एका लांब स्क्रूवर असते, कुठल्या कोनात बसली होती ते पेन्सिलने खूण करून ठेवा. स्क्रूच्या भोकांतला मळ लाकडी काडीने उकरा, नाहीतर की पूर्ण खोल बसत नाही. ट्रिगरच्या भागातली धूळ रबरी फुग्याने उडवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी असतं.

चिकट, पिवळं पडलेलं तेल अल्कोहोलच्या काडीने पुसा. ट्रिगरच्या खिळीवर सुईच्या टोकाने एक थेंब घड्याळी तेल पुरे. जास्त तेलावर मे महिन्यातली धूळ चिकटते, आणि जानेवारीत सकाळी पारा १० च्या आसपास असतो तेव्हा तेच तेल घट्ट होऊन ट्रिगर आळसावतो. दुकानात मिळणारा गंजनाशक फवारा यंत्रणेत मारू नका, तो वाळल्यावर थर राहतो. आणि हवेच्या मार्गात, पिस्टनच्या नळीत किंवा सिलिंडर भरायच्या तोंडाला तेल अजिबात नको. दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं.

साफ केल्यावर पुन्हा दहा वेळा मोजा.

६. आधी मूठ, मग ट्रिगरची पट्टी

स्क्रूला हात लावण्याआधी मूठ हाताला बसलेली हवी. मूठ ढिली असेल तर बोट रोज वेगळ्या जागी पडेल आणि ट्रिगरचं सगळं लावणं वाया जाईल.

मूठ धरा, डोळे मिटा, हात उचला, बोट ट्रिगरवर ठेवा, डोळे उघडा. पट्टीवर बोटाच्या पहिल्या पेराचा मधला मांसल भाग यायला हवा आणि बोटाचं मूळ मुठीला चिकटलेलं नको. पेराची घडी पट्टीवर येत असेल तर पट्टी पुढे सरकवा, नुसतं टोक पोचत असेल तर मागे घ्या. पट्टी कलवता येत असेल तर अशी कलवा की दाब नळीच्या रेषेत सरळ मागे जाईल. उजव्या हाताच्या नेमबाजाचे छरे सतत डावीकडे जात असतील, तर वजनाच्या स्क्रूआधी हे पाहा.

ज्युनियर मुलांची बोटं वर्षभरात वाढतात. त्यांनी ही पायरी दर सहा महिन्यांनी पुन्हा करावी.

७. सिअरची पकड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सिअर म्हणजे आतला घण अडवून धरणारी छोटी कड. ती किती खोल अडकली आहे, यावर दुसरा टप्पा कसा लागतो ते ठरतं. मॅच ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो: पहिल्यात तो मागे येऊन एका जागी अडतो, तिला भिंत म्हणतात, आणि दुसऱ्यात त्या भिंतीपलीकडे दाबलं की शॉट सुटतो. पकड जास्त असेल तर दुसऱ्या टप्प्यात ट्रिगर सरकत, खरखरत मागे येतो आणि मग सुटतो. पकड कमी असेल तर दुसरा टप्पा जाणवतच नाही, पहिल्या टप्प्याच्या शेवटीच गोळी निघून जाते.

मॅन्युअलमध्ये दिशा पाहून आधी पकड थोडी वाढवा, इतकी की सरकणं स्पष्ट जाणवेल. मग पाव-पाव फेऱ्याने कमी करत या. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर कॉक करा, डोळे मिटून पहिला टप्पा घ्या, भिंतीला टेका, थांबा, दाबा. पाच वेळा करा. सरकणं हळूहळू नाहीसं होतं आणि एका जागी ट्रिगर काच तुटल्यासारखा सुटतो. आणखी थोडं फिरवलं की भिंतच नाहीशी होते. ती जागा एकदा नक्की शोधा, आणि तिथून अर्धा फेरा मागे, सुरक्षित बाजूला या.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे त्या अर्ध्या फेऱ्याची कंजुषी. घरी खुर्चीत बसून ट्रिगर अगदी धारदार वाटतो, म्हणून तो कडेवरच ठेवला जातो. रेंजवर घामेजल्या हाताने लोडिंगचा दांडा जोरात बंद केला की शॉट आपोआप सुटतो, आणि स्पर्धेत तो शून्य धरला जाऊ शकतो.

अर्धा फेरा मागे येऊनही भिंत कधी लागते, कधी लागत नाही, असं होत असेल तर भिंगातून सिअरची कड पाहा. ती गोलसर, चमकदार झालेली दिसली तर झिजली आहे. तिला कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. या भागांचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो. तो घासला की खालचा मऊ धातू उघडा पडतो आणि ट्रिगर काही आठवड्यांतच पुन्हा बिघडतो. भाग बदलायचा, आणि तोही रेंजच्या आर्मररकडून, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून. आपल्याकडे महूचं आर्मी मार्क्समनशिप युनिट आणि बीएसएफची रेवती रेंज जवळ असल्याने जाणकार माणसं शहरात भेटतात. प्रशिक्षकाला विचारा, तो योग्य माणसाकडे पाठवेल.

८. दोन टप्प्यांत वजन वाटणं

दहा मीटर एअर पिस्तुलाला ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम हवं, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पॉइंट टू टूच्या २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाला १००० ग्रॅम, म्हणून क्लबातल्या मोठ्यांचे आकडे ऐकून गोंधळू नका.

नव्या नेमबाजाने एकूण ५२० ग्रॅमच्या आसपास ठेवावं. त्यातले ३८० ते ४०० पहिल्या टप्प्यात आणि उरलेले दुसऱ्यात. पहिला टप्पा जड असला की बोट निर्धास्तपणे भिंतीपर्यंत जातं. दुसरा टप्पा ५०–६० ग्रॅमवर आणला तर बोट भिंतीजवळ जायलाच घाबरतं, नेमबाज लक्ष्याच्या वर्तुळात रेंगाळतो आणि शेवटी झटका देतो. उलट दुसरा टप्पा २५० च्या वर गेला तर दाबताना नळी हलते.

पहिला टप्पा मोजायला बाटली ३८० ग्रॅमची करा. ती उचलल्यावर पट्टी भिंतीपर्यंत येऊन थांबायला हवी. आली नाही तर पहिल्या टप्प्याची स्प्रिंग हलकी करा. मग बाटली ५२० ची करा आणि दुसऱ्या टप्प्याच्या स्प्रिंगने एकूण जुळवा. एक बदललं की दुसरं थोडं हलतं, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या होतातच.

पहिल्या टप्प्याची लांबी हा आवडीचा भाग आहे. ३–४ मिलिमीटरने सुरुवात करा.

९. ट्रिगर स्टॉप

शॉट सुटल्यावर पट्टी किती मागे जाते, ते हा स्क्रू ठरवतो. ट्रिगर सुटायचा बंद होईपर्यंत तो आत घ्या, मग सुटू लागेल तिथपर्यंत बाहेर काढा आणि वर आणखी अर्धा फेरा द्या. स्टॉप फार घट्ट ठेवला तर थंडीत किंवा थोडी धूळ गेली की ट्रिगर मधेच अडतो, आणि कारण सापडायला दिवस जातो.

१०. धक्का चाचणी

ही न करता रेंजवर जाऊ नका. पिस्तूल रिकामं आहे हे पाहून कॉक करा, दांडा नेहमीपेक्षा जोरात बंद करा. मग नळी सुरक्षित दिशेला ठेवून मुठीच्या तळाला आणि दोन्ही बाजूंना तळहाताने थापा. असं वीस वेळा करा. एकदाही शॉट सुटला, तर पायरी ७ वर परत जा आणि सिअरची पकड पाव फेरा वाढवा.

चाचणी पास झाली की सगळ्या स्क्रूंच्या नव्या जागांवर नेलपॉलिशच्या नव्या रेघा ओढा, जुन्या पुसून टाका. स्क्रू पक्का करायचा गोंद घालू नका. या बारीक स्क्रूंवर तो इतका घट्ट बसतो की पुढच्या वेळी की फिरते आणि स्क्रू जागचा हलत नाही.

११. स्पर्धेच्या तपासणीसाठी

तपासणीत ठोस वजन वापरतात, स्प्रिंगचा काटा चालत नाही. नळी उभी धरून, वजन पट्टीच्या मध्याजवळ अडकवून उचलतात, आणि हवेचा चार्ज चालू ठेवून. तीन प्रयत्न मिळतात. घरच्या शेवटच्या चाचणीलाही सिलिंडर लावून, छऱ्याशिवाय, हवा भरलेल्या स्थितीत मोजा. नुसत्या ड्राय फायरमधला आकडा आणि हा आकडा काही पिस्तुलांत वेगळा येतो. स्प्रिंग-पिस्टनच्या पिस्तुलाला हे लागू नाही, तिथे ड्राय फायरचाच आकडा धरा.

किराणा दुकानातलं ५०० ग्रॅमचं लोखंडी माप आणून त्याला आकडा लावण्याची चूक खूप जण करतात. माप ५००, तारेचा आकडा ३०, म्हणजे तुम्ही ५३० वर तपासताय. उचललं नाही की पिस्तूल नापास समजून नीट लागलेला ट्रिगर विनाकारण जड केला जातो. उलटही होतं. माप झिजलेलं आणि तारेचा आकडा अगदी हलका असेल तर दोन्ही मिळून ४९० च भरतात, ते घरी आरामात उचललं जातं आणि तपासणीत ट्रिगर सुटतो. स्वतःचं वजन बनवा: छोट्या डब्यात वाळू किंवा छर्रे भरा, तारेच्या आकड्याचंही वजन धरून एकूण ५०० करा आणि झाकण चिकटवून टाका. दिवसा सराफ्यात एखाद्या ओळखीच्या पेढीवर ते एकदा तोलून घ्या, त्यांचे काटे घरच्या काट्यापेक्षा कितीतरी नेमके असतात.

सामन्यानंतरही अचानक तपासणी होते, आणि तिथे वजन कमी भरलं तर नेमबाज अपात्र ठरतो. म्हणून ५०५ वर समाधान मानू नका. वरचे १५–२० ग्रॅम बोटाला जाणवत नाहीत.

ट्रिगरला हात लावल्यावर पुढच्या स्पर्धेआधी निदान दोन आठवडे सराव मिळेल असं पाहा. त्या काळात दर चौथ्या दिवशी वजन मोजून वहीत लिहा. जुन्या स्प्रिंगा नव्या जागी बसताना सुरुवातीला पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतात. आकडा तीन वेळा सारखा आला की मग ॲलन की पेटीत ठेवा आणि स्पर्धा होईपर्यंत बाहेर काढू नका.